‘हा चित्रपट त्याच्याबद्दल नाही’: ‘रमन राघव २.०’ आणि परीक्षकांची फूटपट्टी

‘रमन राघव २.०’ २४ जून २०१६ला लागला, तेव्हा त्याचा दिग्दर्शक अनुराग कश्यप याचं नाव आधीच दोन कारणांनी तापलेलं होतं. पहिलं कारण आदल्या वर्षीच्या मे महिन्यात आपटलेला ‘बॉम्बे वेल्वेट’. शंभर कोटींच्या वर गेलेला खर्च, जुनी मुंबई उभी करायला थेट श्रीलंकेत बांधलेला सेट आणि बघता बघता ओस पडलेली थिएटरं. दुसरं कारण ‘उडता पंजाब’. कश्यप त्याच्या निर्मात्यांपैकी एक. सेन्सॉर बोर्डाशी जुंपलेलं भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, १३ जूनला न्यायालयानं एक कट आणि बदललेली सूचना एवढ्यावर चित्रपट मोकळा केला आणि १७ तारखेला तो लागला. त्यानंतर बरोबर आठवड्यानं ‘रमन राघव’. कोरी पाटी घेऊन हा चित्रपट बघायला बसलेला परीक्षक त्या शुक्रवारी मुंबईत सापडणं कठीणच होतं.

मला इथे चित्रपटापेक्षा त्याच्या परीक्षणांकडे जास्त बघायचंय. परीक्षकांनी दिग्दर्शकाचं पुनरागमन मोजलं, नटाचं काम मोजलं, पोलीस आणि खुनी यांची जोडी जमली की नाही तेही मोजलं. पण खऱ्या खुन्याचं नाव लावून आलेल्या चित्रपटाला पहिला प्रश्न विचारायचा असतो तो असा, की खऱ्यातलं काय घेतलं, काय टाकलं आणि का? हा प्रश्न बहुतेकांनी सोडून दिला. तो सोडायची सोय चित्रपटानंच सुरुवातीच्या पाटीत करून ठेवली होती. साठच्या दशकात मुंबईत रामन राघव नावाचा खुनी होऊन गेला, त्यानं ४१ खुनांची कबुली दिली, असं ती पाटी सांगते आणि शेवटी म्हणते, हा चित्रपट त्याच्याबद्दल नाही. थिएटरात यावर लोक हसतात. वाक्य चलाख आहेच. पण नाव वापरायचं, नावाची दहशत वापरायची आणि नावाची जबाबदारी मात्र दारातच उतरवून ठेवायची, हा त्यातला हिशेब आहे.

खरा माणूस

मूळ प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला रामन राघव म्हटलं की चित्रपटातला नवाजुद्दीन सिद्दिकीच आठवतो.

हल्ल्यांची पहिली लाट १९६५-६६ची, मध्य रेल्वेच्या, म्हणजे जुन्या जीआयपीच्या रुळांच्या आजूबाजूला. रस्त्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले, त्यांतले ९ गेले. रामन राघव तेव्हाही पोलिसांच्या हाती लागला होता. पुरावा नाही म्हणून सुटला, पण त्याची माहिती आणि फोटो दप्तरात राहिले. दुसरी लाट १९६८ची, पश्चिम उपनगरांत. हत्यार बोथट आणि जड, वेळ रात्रीची, बळी झोपेत. तपास गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. २७ ऑगस्ट १९६८ला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी दप्तरातल्या फोटोवरून त्याला रस्त्यात ओळखलं आणि धरलं.

झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. अंगावरच्या कपड्यांवर रक्ताचे डाग. खुन्याची पिशवी म्हणून आपण जे डोळ्यांपुढे आणतो त्यातलं काहीही नाही. फुटपाथवर बिऱ्हाड असलेल्या कुणाचाही संसार असा निघाला असता.

चौकशीत तो काही बोलेना. मग त्यानं कोंबडी मागितली. पोटभर खाल्ल्यावर डोक्याला तेल, कंगवा, आरसा मागितला आणि नंतर पोलिसांना घेऊन जागा दाखवत फिरला. हा किस्सा पुढे इतका गाजला की बाकीचं प्रकरण त्याच्याखाली दबलं. दबलेलं ते असं: कबुली ४१ खुनांची, पण सत्र न्यायालयात खटला चालला तो मालाडमधल्या दोन खुनांचा. त्यानं गुन्हा मान्य केला, १९६९मध्ये फाशीची शिक्षा झाली, त्यानं अपील करायला नकार दिला. फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयानं तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी त्याला पाच वेळा, दर वेळी दोन-दोन तास तपासलं. त्याच्या बोलण्यात दोन जगं होती: एक हे आपलं, दुसरं ‘कानून’चं. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला तेव्हा त्यानं तो घेतला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं कारण दिलं. आजार बरा होण्यासारखा नाही असं मंडळानं सांगितलं. फाशी अखेर जन्मठेपेवर आली. त्याची उरलेली वर्षं येरवड्यात गेली आणि १९९५मध्ये मूत्रपिंडाच्या विकारानं पुण्याच्या ससूनमध्ये तो वारला.

साडेतीन कोटींत काय येतं

कश्यपला आधी करायचा होता तो १९६८चाच चित्रपट. पण काळ उभा करायचा म्हणजे पैसा. जुन्या टॅक्स्या हव्यात, पाट्या हव्यात, कपडे हवेत, आणि आजच्या मालाडमध्ये १९६८चं मालाड दाखवायचं तर एकही टॉवर फ्रेममध्ये येता कामा नये. ‘वेल्वेट’नंतर त्याला असा पैसा कोण देणार? म्हणून गोष्ट आजच्या मुंबईत आणली, असं त्यानं मुलाखतींत सांगितलेलं आहे. बजेट साडेतीन कोटींच्या घरात, चित्रीकरण विसेक दिवसांत, छायाचित्रण जय ओझाचं, पटकथा वासन बाला आणि कश्यपची. खऱ्या गल्ल्या, खरा चिखल, खरा उकाडा.

साडेतीन कोटी ऐकून हिंदीतले लोक हळहळतात, याचं आपल्याला जरा हसू यावं. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस ‘सैराट’ आला होता, सुमारे चार कोटींत झालेला. मराठीत हा भरभक्कम पैसा समजतात.

तर पैशाअभावी काळ बदलला आणि काळ बदलल्याबरोबर माणूसही बदलला. चित्रपटातला रमन्ना आजचा आहे. रामन राघवचं नाव त्याला ठाऊक आहे आणि तोच त्याचा आदर्श आहे. तो आपणहून पोलिसांकडे येऊन खुनांची कबुली देतो, त्यांना ती थाप वाटते, ते त्याला एका पडक्या जागी कोंडून घालतात. दुसरीकडे राघवन नावाचा पोलीस अधिकारी, विकी कौशलनं केलेला. नशेत बुडालेला, हात रक्तानं माखलेला. रमन्नाला वाटतं, आपण दोघं मिळून एक. एका माणसाचं नाव कापून दोन माणसांना वाटून दिलंय, आणि प्रकरणांमागून प्रकरणं करत चित्रपट त्यांना एकमेकांकडे ढकलत नेतो.

परीक्षणं

मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या वेळी ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात चित्रपट दाखवला गेला तेव्हाच सूर लागला होता, आणि जूनमध्ये मुंबईत तोच पुढे चालू राहिला. नवाजुद्दीनबद्दल जवळजवळ एकमत: जबरदस्त. बहुतेक हिंसा पडद्याबाहेर, आवाजात आणि वाट बघण्यात ठेवल्याबद्दल शाबासकी. राम संपतच्या संगीताला बऱ्यापैकी गुण. विकी कौशल आदल्या वर्षीच्या ‘मसान’मुळे सगळ्यांचा लाडका होता, पण इथला त्याचा अधिकारी अनेकांना ओढूनताणून बिघडवलेला वाटला. राघवन आणि त्याची मैत्रीण सिमी यांच्या प्रसंगांतली बाईची फरफट काहींना असह्य झाली. उत्तरार्ध सैल, शेवटचं मीलन कुणाला धाडसी तर कुणाला लादलेलं. आणि जवळजवळ प्रत्येक परीक्षणात कुठेतरी एक वाक्य: कश्यप परत आपल्या जागी आला.

हे शेवटचं वाक्य मला खटकतं. परत आला म्हणजे कुठून कुठे? मोठ्या पैशातून छोट्या पैशात, झगमगाटातून गटारात. इथे दारिद्र्य हा दिग्दर्शकाचा बाणा ठरतो आणि ज्या माणसांच्या दारिद्र्यावर तो चित्रपट उभा आहे ती नेपथ्य होऊन बसतात. काटकसर हा गुण आहे यात वादच नाही, पण वीस दिवसांत संपवला म्हणून प्रसंग खरा होत नाही.

त्या काळात आमच्या सोसायटीतल्या एका काकांशी माझं बोलणं झालं होतं. १९६८मध्ये ते गोरेगावात राहायचे, शाळेत होते. त्यांच्या मुलानं त्यांना हौसेनं मल्टिप्लेक्सला नेलं होतं. कसा वाटला म्हणून विचारलं तर म्हणाले, “अरे, काम छान केलंय त्या पोरानं. पण आमचा रामन राघव कुणाला दिसलाच नव्हता ना. म्हणून तर सगळ्यांची टरकली होती. ऐन उकाड्यात दारं-खिडक्या लावून झोपायचो आम्ही, आणि पोरं लाठ्या घेऊन रात्रभर गस्तीला. इथे तर तो पहिल्या मिनिटापासून समोर उभा!”

काकांनी परीक्षणं वाचलेली नव्हती, पण त्यांचा मुद्दा मला छापून आलेल्या बऱ्याच मजकुरापेक्षा नेमका वाटला. त्या वेळची भीती चेहरा नसण्याची होती. गॅलरीत, ओट्यावर, गच्चीवर, फुटपाथवर झोपणारं शहर एका रात्रीत आत गेलं, आणि ज्यांना आत जायला ‘आत’ नव्हतंच ते बाहेर राहिले. तेच मेले. चित्रपटाला हे विकत घेणं परवडणारं नव्हतं असं म्हणावं, तर अंधार आणि बंद दार याला किती पैसे लागतात?

बहिणीचं घर

जिथे चित्रपट या सगळ्याच्या अगदी जवळ जातो ते बहिणीचं प्रकरण. परीक्षकांनीही ते उचलून धरलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. रमन्ना कित्येक वर्षांनी बहिणीच्या दारात येतो. घर म्हणजे एक खोली, तिचा नवरा, लहान मुलगा. बहिणीची भूमिका अमृता सुभाषची. भावाला दारात बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर आधी ओळख येते आणि पाठोपाठ जे येतं त्याला भीती हा शब्द पुरत नाही. हा माणूस काय आहे हे त्या घरात फक्त तिला माहीत आहे. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. तिनं आवाज चढवला तर खेळ संपला, आवाज खाली ठेवला तर तो लांबतो. ती लांबवते. अपमान गिळते, त्याच्या हो ला हो करते, मधेच बहिणीचा जुना कडकपणा वापरून बघते, तो चालत नाही असं दिसल्यावर लगेच मागे घेते. डोळे सारखे मुलाकडे जातात, आणि ते जातात हे त्याला कळू नये म्हणून वळवले जातात. खोली इतकी लहान की कॅमेऱ्यालाही मागे सरकायला जागा नाही.

या प्रसंगावर बहुतेकांनी लिहिलं ते ‘अंगावर येणारा’, ‘श्वास रोखायला लावणारा’ असं. खरंच आहे ते. पण तो अंगावर का येतो? मला दिसतं ते कारण साधं आहे: संपूर्ण चित्रपटात एवढ्या एकाच ठिकाणी मरणाऱ्या माणसाला वेळ दिलेला आहे. तिला संसार आहे, भूतकाळ आहे, डावपेच आहेत. बाकीचे बळी येतात आणि संपतात. परीक्षणांत श्रेय गेलं ते तणाव ‘रचणाऱ्या’ दिग्दर्शकाला आणि तो ‘खेळवणाऱ्या’ नवाजला. अमृता सुभाषच्या वाट्याला बहुधा कंसातलं नाव किंवा एखादं विशेषण. मराठी वाचकाला हे लगेच जाणवतं, आणि आपलं माणूस म्हणून जाणवतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या खोलीतली ताकद निम्म्याहून जास्त तिच्याकडून येते.

जोडी जमली की नाही

सगळ्यात मोठा आक्षेप होता पोलीस आणि खुनी यांच्या समांतरपणावर: फार ठरवून केलेला, फार सोयीचा. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. मंडळापुढे ‘कानून’च्या जगाबद्दल बोलणारा, स्वतःला कानूनचा प्रतिनिधी म्हणवणारा खरा रामन राघव समोर ठेवून बघितलं, तर कायद्याच्या माणसात आपलं दुसरं अर्ध शोधणारा रमन्ना हवेतून आलेला नाही. मुळातच त्याचं बी आहे. लेखकांनी हे जाणून केलं की नकळत, ते कळायला मार्ग नाही. पण जे परीक्षक याला ‘कृत्रिम’ म्हणाले त्यांनी खटल्याची दोन पानं वाचली असती तर निदान वेगळं भांडण काढलं असतं.

ते वेगळं भांडण असं. खऱ्या माणसाच्या बाबतीत ‘कानून’ हा आजाराचा भाग होता. न्यायालयानं तसं मानलं, म्हणून फाशी टळली. चित्रपटानं कल्पना घेतली आणि आजार सोडून दिला. रमन्ना देवाशी बोलतो, स्वतःला देवाचा सीसीटीव्ही म्हणवतो, पण शेवटी त्याचं सांगणं असं की धर्म, वर्दी, कर्तव्य असली कुठलीच सबब माझ्याकडे नाही, मला मारायचं असतं म्हणून मी मारतो. टाळ्यांचं वाक्य आहे. त्या एका वाक्यानं मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ, उच्च न्यायालय आणि येरवड्यातली वर्षं, सगळं पुसलं जातं आणि मनोरुग्णाचा तत्त्वज्ञ होतो. नवाजच्या अभिनयावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी इथे बोट ठेवलं. ‘पण हा चित्रपट त्याच्याबद्दल नाहीच ना,’ हे उत्तर सगळ्यांच्या खिशात होतं.

कश्यपच्याच ‘ब्लॅक फ्रायडे’ला ही पळवाट नव्हती. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा चित्रपट, त्यात खरी नावं, आणि टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयातला खटला संपलेला नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं प्रदर्शन रोखलेलं. २००४मध्ये तयार असलेला चित्रपट लोकांनी पाहिला तो फेब्रुवारी २००७मध्ये. तिथे आक्षेप घेणारे आरोपी होते, त्यांचे वकील होते. रामन राघवच्या बाबतीत असं कुणी उरलेलं नाही. त्याच्या बळींच्या बाजूनं तर पहिल्यापासूनच कुणी नव्हतं.

जुना, आणखी स्वस्त

‘पैसे नव्हते म्हणून काळ बदलला’ हे स्पष्टीकरण परीक्षकांनी सहानुभूतीनं छापलं. पण त्याला उत्तर देणारा चित्रपट २५ वर्षं आधीच होऊन गेला होता, आणि कश्यपनं त्याचं ऋण कधी लपवलेलं नाही. श्रीराम राघवनचा १९९१चा ‘रामन राघव, अ सिटी, अ किलर’. व्हिडिओवर केलेला, सव्वा तासाच्या आतबाहेरचा, मुख्य भूमिकेत रघुवीर यादव. थिएटरात कधी आलाच नाही, त्यामुळे रीतसर परीक्षणं जवळजवळ नाहीत. सिनेमावाल्यांच्या गप्पांतून त्याचं नाव टिकलं आणि पुढे यूट्यूबवर आल्यावर लोकांनी पाहिला. त्याची चमक शून्य, व्हिडिओचा रंग विटलेला. पण तो मूळ प्रकरणाला धरून राहतो. रघुवीर यादवचा रामन राघव बघताना कधीच ‘काय नट आहे!’ असं मनात येत नाही. हा माणूस आपल्या स्टेशनाबाहेर बसलेला असू शकतो, एवढंच वाटत राहतं. लसूण आणि चहाची पूड पिशवीत घेऊन फिरणारा माणूस तो हा.

दोन्ही लागोपाठ बघितले तर पैशाचा युक्तिवाद बराच पातळ होतो. २०१६च्या परीक्षणांत जुन्या चित्रपटाचा उल्लेख असला तरी तो बहुधा माहितीपुरता, तुलनेसाठी नाही.

तिकीटबारीवर ‘रमन राघव २.०’चा गल्ला एक आकडी कोटींतच राहिला, पण बजेटच्या मानानं ती आपत्ती नव्हती. परदेशात ‘सायको रामन’ या नावानं तो महोत्सवांत फिरला. दोन वर्षांनी, जुलै २०१८मध्ये, नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’ आली. विक्रम चंद्रांच्या कादंबरीवरची, कश्यप आणि विक्रमादित्य मोटवाने दिग्दर्शित. त्यातही मुंबई, नवाज, देवाच्या भाषेत बोलणारा गुन्हेगार आणि त्याच्याशी नशिबानं बांधलेला पोलीस. पुढच्या सीझनमध्ये अमृता सुभाषही आल्या. तिथे ही जोडी बहुतेकांना पटली, कारण ती जमायला आठ भाग मिळाले होते. त्यामुळे २०१६ची ‘समांतरपणा लादलेला आहे’ ही तक्रार मला कल्पनेपेक्षा लांबीबद्दलची जास्त वाटते. श्रीराम राघवनच्या १९९१च्या चित्रपटात मात्र पोलिसाला खुन्याचं दुसरं अर्ध करायची गरजच कुणाला वाटलेली नाही, आणि तो सव्वा तासात पुरतो.